उन्हानं फिरलेले ग्रह

गार्गीच्या पोटात गोष्ट रात्रभर टिकत नाही. संध्याकाळी माझ्या ओट्यावर जे शिकते ते सकाळी दूध आणायला जाताना अर्ध्या उंद्री गावाला सांगून येते. कोळ्याला आठ पाय असतात असं मी एकदा म्हणाले, तर दुसऱ्या दिवशी डेअरीवर रांगेत उभ्या असलेल्या मोठ्या माणसांकडून तिने कोळ्याचे पाय मोजवून घेतले. दोघांचे सात भरले, त्यांना परत मोजायला लावलं. अशा मुलीला शिकवायला मजा येते. एवढंच की तिचा धडा मध्येच तुटू द्यायचा नसतो.

त्या शनिवारी तो तुटला.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, पण आळीतली मुलं काही निवृत्त झाली नाहीत. दिवेलागणीला येतात, ओट्यावर दाटीवाटीने बसतात आणि विचारतात, "बाई, आज काय?" त्या दिवशी मात्र प्रश्न गार्गीनेच आणला होता.

"बाई, सूर्य धक्का मारते का?"

"तुला मारला का?"

"मले नाई. पन काकाचा पंप उन्हानं फिरते. म्हंजे सूर्यच फिरवते ना त्याले?"

तिचा काका म्हणजे आल्हाद. शेतांमध्ये सोलर पंप बसवतो. गावोगाव फिरतो, उन्हात पत्र्यासारखा तापतो आणि फार कमी बोलतो. मी मुलांना सांगितलं की ऊन पॅनलवर पडतं, पॅनल वीज तयार करतं आणि वीज पंप फिरवते. सूर्य स्वतः येऊन पंपाला हात लावत नाही. "पण," मी म्हणाले. माझ्या 'पण'नंतर काहीतरी चांगलं येतं हे मुलांना माहीत आहे, म्हणून ती पुढे सरकली. "पण आकाशात काही दगड आहेत. त्यांना मात्र सूर्य वायर न लावता फिरवतो."

मग लघुग्रहांची गोष्ट सुरू झाली. सूर्याभोवती फिरणारे दगड, कुणी टेकडीएवढे, कुणी गावाएवढे. ऊन त्यांच्यावर पडतं. त्या उन्हाचा धक्का इतका हलका की मुंगीही हसेल. पण दगड वाकडातिकडा असेल तर तो हलका धक्का त्याला स्वतःभोवती फिरवत राहतो, लाखो वर्षं. काही दगड हळू होत जातात. काहींचा वेग मात्र वाढत जातो, आणि वाढता वाढता ते एक दिवस तुटतात.

"तुटते?" गार्गीचे डोळे मोठे झाले.

तेवढ्यात पलीकडच्या घरातून तिच्या आईची, शारदाची हाक आली. "गार्गेऽऽ! सकाळी पाहुणे येऊन राह्यले, घर झाडायचं हाय!" गार्गी उठून पळाली. तुटल्यानंतर काय होतं, ते सांगायचं राहून गेलं.

पाहुणे येणार होते ते आल्हादसाठी. संग्रामपूरच्या कडूबांच्या शेतात पंप बसवायला आल्हाद गेला होता. काम लवकर आटपणारा हा मुलगा तिथे मात्र बरेच दिवस रमला. त्यांची मुलगी डिंपल तिथल्या एका दवाखान्यात रक्त-लघवी तपासते. पुढे कडूबांनी स्वतःच स्थळ घातलं. मुलगा-मुलीचं मनातून ठरलेलं होतं, पत्रिकाही जुळली होती. उरलं होतं ते घर पाहणं, आणि घर पाहायला कडूबांची आई येणार होती. अन्नपूर्णाबाईंनी 'हो' म्हटलं तर लग्न, 'नाही' म्हटलं तर कडूबासुद्धा पुढे बोलणार नाहीत, असा त्यांच्या घरचा रिवाज. आल्हाद ते जाणून होता. शनिवारी रात्री त्याने स्वतःच्या हाताने सगळ्या घराच्या ट्यूबलाइट पुसल्या, एवढ्यावरून समजा.

"सिंधूताई, तुम्ही बी येऊन बसा," शारदा मला म्हणाली होती. "आमचे हे पाहुण्यांसमोर घाबरते अन् आल्हादभाऊ बोलतच नाई. बोलणारं कोनी पाह्यजे ना घरात."

बोलणारं कोण आहे ते तिला रविवारी कळलं.

पाहुणे सकाळी उशिरा आले. गाडीवाला त्यांना दारात सोडून फाट्यावर टायर दाखवायला गेला. बैठकीत सतरंजी, भिंतीला टेकून कडूबा, त्यांच्याशेजारी खुर्चीवर अन्नपूर्णाबाई. बारीक चणीची म्हातारी, हिरवं लुगडं, आणि नजर अशी की घराच्या भिंतीतला ओलावासुद्धा हिशेबात घेईल. वैजनाथ, म्हणजे शारदाचा नवरा आणि आल्हादचा मोठा भाऊ, चिखलीला कचेरीत कारकून आहे. तो साहेबासमोर बसल्यासारखा गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. आल्हाद दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

"पोरगा बसत नाई का?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

आल्हादने विचार केला. "बसतो," तो म्हणाला, आणि उभाच राहिला.

"धीमा हाय जरा," वैजनाथ घाईने म्हणाला. "म्हंजे कामात नाई. बोलण्यात."

गार्गी पाण्याचे पेले घेऊन आली. नवा फ्रॉक, दोन वेण्या, चेहऱ्यावर कमालीचा शहाणपणा. अन्नपूर्णाबाईंना ती आवडली असावी. त्यांनी तिला जवळ ओढलं.

"काय शिकून राह्यली वं पोट्टे तू?"

"शाळेत का बाईजवळ?"

"कुठंबी."

"बाईजवळ ना," गार्गी म्हणाली, "काल ग्रह फिरले."

अन्नपूर्णाबाईंच्या हातातला पेला ओठांपाशी थांबला. आपल्याकडे ज्याचे ग्रह फिरतात त्याची म्हैस आटते, मोटारसायकल चोरीला जाते आणि ठरलेली कामं बिघडतात. हे गार्गीला माहीत नव्हतं. तिच्या लेखी ग्रह म्हणजे दगड आणि फिरणं म्हणजे फिरणं.

"कोनाचे फिरले?"

"लहान ग्रह हो आजी. लय हायेत तसे. मोठ्यांले काही होत नाई, लहान असले का फिरते. त्यातून वाकडे असले तर फिरतेच फिरते!"

"वाकडे," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

"हाव. चांगला गोल-गरगरीत असला तर काही नाई होत. अन् हे होते कशानं, सांगू? उन्हानं! उन्हात राह्यलं का ग्रह फिरतेच." गार्गीला आता रंग चढला होता. उदाहरण दिल्याशिवाय सांगणं पुरं होत नाही, हे मीच तिला शिकवलेलं. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि दारात तिला उदाहरण सापडलं. "आता आमचा काका पाहा, दिवसभर उन्हात राह्यते..."

कडूबांना ठसका लागला. वैजनाथ हसला, पण ते हसू नव्हतं.

"लहान हाय हो, काहीबी बोलते."

"बोलू द्या. लेकराच्या तोंडून खरं निंगते," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "मंग काय होते वं, ग्रह फिरले का?"

"मंग फिरता फिरता जोर वाढते. लय वाढते. अन् मंग एक दिवस..." गार्गीने दोन्ही हातांची घट्ट मूठ केली आणि फाडकन सोडली. "तुटते! दोन तुकडे!"

"गार्गे, पाणी आण," स्वयंपाकघरातून शारदा आली ती हेच म्हणत.

"आणलं ना."

"अजून आण!"

अन्नपूर्णाबाईंचा चेहरा उतरला होता. नुसत्या अपशकुनाने उतरतो त्याहून जास्त. मला ते दिसलं, पण कारण कळलं नाही. त्यांनी पेला खाली ठेवला आणि पदर सावरला.

"कडूबा, गाडी काढ."

"माय, चहा तं..."

"गाडी काढ म्हनते ना."

आल्हाद चौकटीपासून सरळ झाला. तोंड उघडलं. मिटलं. कडूबा उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले, कारण गाडी फाट्यावर होती.

माझ्याकडे फार वेळ नव्हता. मी म्हणाले, "अन्नपूर्णाबाई, ते ग्रह मी फिरवले."

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही? पत्रिका पाह्यता का तुम्ही?"

"नाही हो. आमच्या घरी पत्रिका कधी काढलीच नाही. आम्ही रविवार पाहतो आणि लग्न लावतो. मी शिक्षिका आहे. या पोरीला काल अर्धा धडा शिकवला आणि अर्धा राहिला."

"धडा? ग्रहाचा धडा रायते?"

"गाडी येईपर्यंत बसा. पटलं नाही तर मी स्वतः तुम्हाला फाट्यापर्यंत पोचवते."

म्हातारीने दाराबाहेर पाहिलं. रस्ता रिकामा होता. "बसते," त्या म्हणाल्या. "पन आत नाई. आत जीव घुसमटते."

म्हणून आम्ही सगळे मागच्या अंगणात आलो. तिथे बाजेवर जुनं धोतर अंथरून शारदाने मुगाचे सांडगे वाळत घातले होते. मार्चचं ऊन चढलं होतं. मी एक मोठा वाकडा सांडगा उचलला, कडक वाळलेला, एका बाजूला टेंगूळ, दुसरीकडे खळगा. आकाशातल्या दगडांचे फोटो पाहिलेत त्यांना विचारा, त्यात आणि सांडग्यात फार फरक नसतो.

"आल्हाद, दोरा दे."

त्याच्या अवजारांच्या पिशवीत सगळं असतं. मी सांडगा दोऱ्याने कपडे वाळत घालायच्या तारेला टांगला. शेजारी दुसऱ्या दोऱ्याने एक गोल लिंबू टांगलं.

"आता लिंबावर फुंकर मारा."

"मी?"

"तुम्हीच. मी मारली तर म्हणाल, बाईनं काहीतरी केलं."

अन्नपूर्णाबाईंनी नाइलाजाने गाल फुगवले. समोरचे दात नसल्याने निम्मी फुंकर बाजूने गेली, पण लिंबू झोक्यासारखं मागे गेलं आणि पुढे आलं. स्वतःभोवती फिरलं नाही.

"आता सांडग्यावर."

त्यांनी फुंकर मारली. सांडगा जरासा वळला. परत मारली. तो गर्रकन फिरला.

"अगं माय!" त्या म्हणाल्या. मग कडूबांनी मारली, त्यांच्या मिशा हलल्या आणि सांडगा आणखी जोरात फिरला. वैजनाथही पुढे आला. आपण पाहुण्यांसमोर आहोत हे तो बहुतेक विसरला होता, कारण त्याने फुंकर मारून झाल्यावर "बाजूले व्हा, मले परत पाहू द्या" असं कडूबांना चक्क ढकललं.

"लिंबू गोल आहे," मी म्हणाले. "त्याला फुंकर सगळीकडून सारखी लागते. सांडगा वाकडा आहे. टेंगळाला एकीकडे धक्का, खळग्याला दुसरीकडे. म्हणून तो फिरतो. एवढाच गार्गीचा 'वाकडा'. आल्हादला ती काही म्हणाली नाही."

"पन तिथं वर फुंकर कोन मारते?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं. हा प्रश्न पाचवीच्या वर्गातही एखादंच मूल विचारतं. मला म्हातारी त्या क्षणी फार आवडली.

"तिथे वारा नाही. फुंकर मी समजण्यापुरती घेतली. तिथे ऊन आहे." मी त्यांना बाजेच्या मोकळ्या कडेवर बसवलं आणि शेजारी बसले. "आपण म्हणतो ना, ऊन पडलं? आणि पाणी तापलं की काय म्हणतो?"

"पाणी ऊन झालं."

"दोन्हीला एकच शब्द. दगडाचंही तेच. त्याच्यावर ऊन पडतं, तो ऊन होतो. आणि ते ऊन तो स्वतःपाशी ठेवत नाही. शेजारीण वाटीभर भाजी देऊन गेली तर तुम्ही वाटी कशी परत करता?"

"रिकामी नाई करत. साखर तरी टाकतो."

"दगडही घेतलेलं परत करतो. उष्णता बाहेर फेकतो. आता बादलीभर पाणी जोरात फेकलं तर आपण मागे जातो का नाही?"

"मी तं एकदा पडलीच होती," शारदा म्हणाली.

"तसा दगडही मागे रेटला जातो. अगदी जरासा. गोल असता तर सगळ्या बाजूंचं रेटणं एकमेकांत मिटलं असतं. वाकडा आहे म्हणून मिटत नाही. एक बाजू इकडे रेटते, एक तिकडे, आणि दगड फिरायला लागतो. शास्त्रज्ञांनी दुर्बिणीतून मोजलंय. एखाद्या लहान दगडाची एक फेरी दरवर्षी सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याने लवकर होते."

"हजाराव्या?" वैजनाथ म्हणाला. "आमच्या कचेरीत फाइल याहून जोरात सरकते हो!"

"किती दिवस लागते मंग तुटायले?" अन्नपूर्णाबाई.

"लाखो वर्षं. कधी त्याहूनही जास्त."

"लाखो!" त्या म्हणाल्या. "अन् मी इथं गाडी काढायची घाई करून राह्यली!"

सगळे हसले. कडूबांनी तर डोळे पुसले. मला वाटलं, झालं, सुटलो. पण हसू ओसरलं तशी म्हातारी तारेवरच्या सांडग्याकडे पाहत राहिली, आणि हळूच मला म्हणाली, "ते फिरण्याचं समजलं मले. पन तुटण्याचं पोट्टीले कोनं सांगतलं?"

"मीच. ते पण धड्यातलंच."

"खरं बोलता ना बाई? घरात कोनी काही बोललं नाई? आमच्याबद्दल?"

"तुमच्याबद्दल काय?"

त्यांनी कडूबांकडे पाहिलं. कडूबा पुढे झाले. "माय, राहू दे."

"नाई, आता निंगालंच हाय तं निंगू दे." त्यांनी शारदाकडे पाहिलं, मग वैजनाथकडे. "आमच्या डिंपलचं एकदा ठरलं होतं. साखरपुडा झाला, कपडे घेतले, अन् मोडलं. त्यायनं मोडलं. म्हने, पोरगी लोकायच्या रक्तात हात घालते, तिच्या हातचं पाणी कसं प्यावं. डिंपलनं नोकरी सोडली नाई, त्यायनं सोयरीक सोडली. मी कडूबाले म्हटलं होतं, ठरायच्या आधी या लोकायले सांग. तो म्हने, आधी घर तं पाहू. अन् इथं येऊन बसलो तं लेकरू म्हनते, तुटते, दोन तुकडे होते. मले वाटलं, तुमच्या घरात हेच चालू असन, अन् पोट्टीनं ऐकून आमच्या तोंडावर मारलं."

शारदाला हे माहीत नव्हतं, वैजनाथलाही नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. आणि म्हातारी ते चेहरेच वाचत होती. ठरणार की मोडणार, ते आता त्या चेहऱ्यांवर होतं.

अशा वेळी गार्गी आली. हातात पाण्याचा मोठा तांब्या, दोन्ही हातांनी धरलेला, फ्रॉक ओला.

"पाणी आणलं," ती म्हणाली. "मघाच आणलं, पन तुम्ही सगळे इकडं आले अन् मले कोनी बोलावलंच नाई." तिने टांगलेला सांडगा पाहिला, लिंबू पाहिलं, आणि तिच्या लक्षात आलं की धडा तिच्यावाचून झाला. "बाई! सांगतलं का तुम्ही पुढचं? तुटल्यावर काय होते ते?"

"अजून नाही."

"मंग सांगा ना!"

शारदाने डोळ्यांनी मला विनवलं की नको, आता तुटण्याचं नाव नको. पण म्हातारीच म्हणाली, "सांगा. मले बी आयकू द्या."

"हे दगड अखंड नसतात," मी म्हणाले. "बरेचसे मुरमाच्या ढिगासारखे असतात. खडे, माती, सगळं एकमेकांना जेमतेम धरून. वेग फार वाढला की कमरेजवळचा मुरूम सुटतो. पण सुटला म्हणून तो लगेच दूर जातो असं नाही. तिथेच घोटाळतो, गोळा होतो, आणि त्याचा लहान दगड होतो. मग तो मोठ्या दगडाभोवती फिरत राहतो. आकाशात असे दोघं-दोघं पुष्कळ सापडलेत."

गार्गीने तांब्या खाली ठेवला. "म्हंजे जोडी?"

"जोडी."

"तुटल्यावर जोडी होते!" तिने टाळी वाजवली. "आजी, आयकलं का?"

अन्नपूर्णाबाईंचा चेहरा असा उजळला की मला वाईट वाटलं. "म्हंजे हा तं शकुन झाला! आमचं तुटलं, अन् आता जोडी होऊन राह्यली. ग्रहायनंच सांगतलं, बाई!"

शारदा माझ्याकडे पाहत होती. वैजनाथ पाहत होता. दोघांचं म्हणणं एकच: 'हो' म्हणा, ताई, काय जातं तुमचं? खरंच काही जात नव्हतं. एका 'हो'वर लग्न ठरत होतं. पण गार्गीही माझ्याकडे पाहत होती, आणि ती उद्या डेअरीवर जाणार होती.

"शकुन नाही," मी म्हणाले. "सगळ्यांची जोडी होत नाही. काही तुकडे निघून जातात ते कायमचे. ते दगड आहेत, अन्नपूर्णाबाई. त्यांना संग्रामपूर माहीत नाही आणि उंद्रीही नाही. डिंपलचं विचारायचं तर माणसाला विचारा."

शारदाने कपाळावर हात मारला, तो आवाज मला ऐकू आला.

म्हातारी थोडा वेळ बाजेची दोरी चाचपत राहिली. मग तिने मान वर केली. "खरं हाय," ती म्हणाली. "ए पोरा. इकडं ये."

आल्हाद हातात दोऱ्याचं रीळ घेऊन पुढे आला.

"मोडल्याचं तुले माहीत होतं?"

आल्हादने विचार केला. एक कावळा तारेवर येऊन बसला, सांडग्याकडे पाहून उडाला, तरी त्याचा विचार चालूच होता.

"हाव," तो म्हणाला.

"अन् आम्हाले सांगतलं नाई बे?" वैजनाथ उसळला.

"तिची गोष्ट होती. तिनं मले सांगतली. मी काऊन सांगू?"

"कवा सांगतलं तिनं?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

"पंप बसवत होतो तवा. पहिल्याच दिवशी." तो एकेक शब्द नट आवळल्यासारखा बोलत होता. "मी पाणी मागतलं. ती पाणी घेऊन आली, पन पेला देईना. म्हने, माह्या हातचं पाणी चालत नाई म्हनून माही सोयरीक मोडली हाय. मी दिवसभर लोकायचं रक्त तपासते. चालते का तुले?"

"मंग? तू काय बोलला?"

सगळे थांबले. शारदाने पदराचं टोक तोंडात धरलं.

"काही नाई बोललो," आल्हाद म्हणाला.

वैजनाथने दोन्ही हात वर केले. "पाहा! कायले बोलन तो!"

"पिऊन घेतलं," आल्हाद म्हणाला. त्याचं वाक्य अजून संपलं नव्हतं. "अन् अजून मागतलं."

कडूबा लिंबाकडे पाहत होते, तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं. मग अन्नपूर्णाबाईंच्या खांद्यांना कंप सुटला. मला वाटलं रडतात की काय. त्या हसत होत्या.

"म्हनूनच!" त्या म्हणाल्या. "म्हनूनच पोट्टी त्या दिवशी मले म्हने, आजी, त्या पंपवाल्याले लय तहान लागते वं. मी म्हटलं, उन्हाचा हाय बिचारा. बादलीभर नेऊन दे. तं म्हने, नाई, पेल्या-पेल्यानंच देते!"

आल्हादचे कान लाल झाले. कडूबांना हे आताच कळत होतं. ते म्हणाले, "म्हंजे तो पंप बसायले एवढे दिवस लागले ते..."

"पंप पहिल्याच दिवशी बसला होता," आल्हाद म्हणाला. हे मात्र तो पटकन बोलला.

त्यावर वैजनाथसुद्धा हसला, आणि पाहुण्यांसमोर घाबरणारा हा माणूस जोरात हसताना कसा दिसतो ते मी पहिल्यांदा पाहिलं. अन्नपूर्णाबाईंनी लुगड्याने डोळे पुसले. रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. गाडीवाला टायर दाखवून आला होता.

"कडूबा, त्याले म्हन, गाडी सावलीत लाव," त्या म्हणाल्या. "शारदाबाई, माहा चहा आत थंड झाला असन. दुसरा ठेवा. अन् गोड करजा, आता सोयरे झालो."

शारदा स्वयंपाकघराकडे पळाली ती पळतापळता खाली पडलेला एक सांडगा पायाखाली चुरून गेली. वैजनाथ अन्नपूर्णाबाईंच्या पाया पडायला वाकला. त्या म्हणाल्या, "थांब बा, तारीख तं ठरू दे. अन् मे महिन्यात नाई बरं. लोकं भाजते उन्हानं. दिवाळीनंतर पाहू."

"आजी, ऊन तं थंडीत बी..." गार्गीने सुरुवात केली आणि सवयीने आईच्या धाकाने थांबली.

"बोल वं, बोल," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "अर्धं राह्यलं का तू घोटाळा करते."

पण गार्गीला आता थंडीतल्या उन्हापेक्षा मोठं काम दिसलं होतं. आल्हाद अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन फोन लावत होता. फोन उचलला गेला, कारण पलीकडचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "हॅलो? काय झालं? आजी काय म्हने? अरे, बोल ना!"

आल्हादने तोंड उघडलं. त्याने आकाशाकडे पाहिलं, बाजेकडे पाहिलं, आपल्या पायांकडे पाहिलं.

"आल्हाद! मोडलं का? खरं सांग, मी आयकून घेते!"

गार्गीने त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

"काकू, मी गार्गी बोलते," ती म्हणाली. "जमलं. पन आता फोन ठेवू नका, मी पयल्यापासून सांगते. तुम्ही बसलेल्या हायेत ना?"